रुग्णालयातील करोनारुग्णांची वैशिष्ट्ये : तेलगाव परिसराच्या संदर्भात एक विवेचन

१. विषयाची मांडणी

२०१९च्या अखेरीस चीनमधील वूहान शहरात उद्भवलेल्या करोना विषाणूच्या साथीसंबंधी जे शास्त्रीय लेखन झाले, त्याचा फार मोठा भाग रुग्णालयात दाखल झालेल्या रुग्णांच्या वर्णनाचा आहे. रुग्णांचे वय काय होते, त्यांत पुरुष किती व स्त्रिया किती, ताप किती जणांना होता, मधुमेह व रक्तदाब किती जणांना होता, प्राणवायू किती जणांना द्यावा लागला आणि किती जण दगावले, या प्रश्नांची उत्तरे देणारे तक्ते हजारो निबंधांतून प्रसिद्ध झाले. साथीच्या पहिल्या महिन्यांत या तक्त्यांचा उपयोग निर्विवाद होता. रोग नवा होता, त्याची ओळख पटविणे आवश्यक होते, आणि ती ओळख रुग्णशय्येपाशीच होऊ शकत होती.

जागतिक आरोग्य संघटनेने ५ मे २०२३ रोजी या साथीसंबंधीची जागतिक आणीबाणी संपल्याचे जाहीर केले. त्यानंतर हे तक्ते इतिहासाची व संशोधनाची सामग्री बनले आहेत. महाराष्ट्रातील अनेक रुग्णालयांतून त्या काळातील केसपेपर उपलब्ध आहेत, आणि पदव्युत्तर विद्यार्थी आपल्या प्रबंधांसाठी त्यांचा आधार घेतात. अशा वेळी एक प्रश्न प्रथम सोडविला पाहिजे. रुग्णालयातील रुग्णांची म्हणून जी वैशिष्ट्ये तक्त्यात दिसतात, ती रोगाची वैशिष्ट्ये होत, की रुग्णालयापर्यंत पोहोचलेल्या माणसांची? प्रस्तुत लेखात या प्रश्नाचा विचार बीड जिल्ह्यातील तेलगाव परिसर डोळ्यांपुढे ठेवून केलेला आहे.

तेलगाव हे धारूर तालुक्यातील गाव. बीडहून परळीकडे जाणारा आणि माजलगावहून धारूरकडे जाणारा असे दोन रस्ते येथे एकमेकांस छेदतात. लोकनेते सुंदररावजी सोळंके सहकारी साखर कारखाना येथेच आहे, आणि सभोवतालचा प्रदेश ऊसतोडणीसाठी परजिल्ह्यांत व परराज्यांत जाणाऱ्या मजुरांचा आहे. जिल्हा रुग्णालय बीड येथे, तर स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय अंबाजोगाई येथे आहे. तेलगावच्या अत्यवस्थ रुग्णास या दोहोंपैकी एक किंवा एखादे खाजगी रुग्णालय गाठणे भाग होते. म्हणजेच या परिसरातील माणूस रुग्णालयाच्या तक्त्यात येण्यापूर्वी त्याला बराच प्रवास करावा लागे. या प्रवासाचा अभ्यास केल्यावाचून तक्त्याचा अर्थ लागत नाही, हाच या विवेचनाचा मुख्य मुद्दा होय.

२. एकाच रोगाची तीन रूपे

प्रथम साथीच्या आरंभीच्या काही प्रसिद्ध निबंधांकडे वळणे सोयीचे होईल. २४ जानेवारी २०२० रोजी ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात वूहानमधील पहिल्या ४१ रुग्णांचे वर्णन प्रसिद्ध झाले. त्यांचे मध्यक वय, म्हणजे ज्याच्या खाली निम्मे व वर निम्मे रुग्ण येतात ते वय, ४९ वर्षे होते. शेकडा ७३ रुग्ण पुरुष होते. ताप शेकडा ९८ जणांना, खोकला ७६ जणांना आणि धाप ५५ जणांना होती. या ४१ जणांपैकी शेकडा १५ दगावले. त्यानंतर महिनाभरातच चीनमधील ५५२ रुग्णालयांतील १,०९९ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक वय ४७ वर्षे होते आणि मृत्यूचे प्रमाण केवळ शेकडा १.४ होते.

एप्रिल २०२० मध्ये न्यूयॉर्क परिसरातील १२ रुग्णालयांत दाखल झालेल्या ५,७०० रुग्णांची माहिती पुढे आली. तेथे मध्यक वय ६३ वर्षे होते. शेकडा ५६.६ जणांना उच्च रक्तदाब आणि शेकडा ३३.८ जणांना मधुमेह होता. पुढच्याच महिन्यात ब्रिटनमधील २०८ रुग्णालयांतील २०,१३३ रुग्णांचा अहवाल प्रसिद्ध झाला. त्यात मध्यक वय ७३ वर्षांपर्यंत गेलेले दिसते.

विषाणू एकच, काळ जवळजवळ एकच, आणि तरीही सत्तेचाळीस, त्रेसष्ट व त्र्याहत्तर अशी तीन निरनिराळी वये हाती येतात. या तफावतीचे एक कारण त्या त्या देशातील लोकसंख्येच्या वयोरचनेत आहे, हे खरे. परंतु तेवढ्याने तिचा उलगडा होत नाही. चीनमध्ये बाधित आढळलेल्या व्यक्तीस, आजार सौम्य असला तरी, विलगीकरणासाठी रुग्णालयात ठेवण्याकडे कल होता. ब्रिटनमध्ये सौम्य लक्षणांच्या रुग्णांनी घरीच राहावे असा दंडक होता, आणि त्यामुळे ज्यांना घरी ठेवणे शक्य नव्हते तेच रुग्णालयात आले. पहिल्या ठिकाणी रुग्णालयाचे दार रुंद होते, दुसऱ्या ठिकाणी अरुंद. दाराच्या रुंदीप्रमाणे आत येणाऱ्यांचे सरासरी रूप पालटले. वूहानमधील पहिले ४१ रुग्ण व नंतरचे १,०९९ रुग्ण यांच्या मृत्युप्रमाणातील दहापट अंतराचे स्पष्टीकरणही मुख्यतः असेच आहे. रोग अज्ञात असताना तीव्र न्यूमोनियाचे रुग्णच प्रथम नजरेत भरतात.

भारतातही दोन लाटांतील रुग्णांची तुलना झालेली आहे. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या पुढाकाराने उभारलेल्या राष्ट्रीय नोंदवहीत ४१ रुग्णालयांतील सुमारे १९ हजार रुग्णांची माहिती एकत्र करण्यात आली. पहिल्या लाटेतील रुग्णांचे सरासरी वय ५०.८ वर्षे, तर दुसऱ्या लाटेतील ४८.७ वर्षे होते. धाप लागणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ४२.८ वरून ४८.६ वर गेले आणि रुग्णालयातील मृत्यूचे प्रमाण शेकडा १०.२ वरून १३.३ झाले. यावरून दुसरी लाट तरुणांना अधिक घातक होती असे सरसकट म्हटले गेले. त्यात तथ्य असू शकते. दुसऱ्या लाटेत डेल्टा या नावाने पुढे ओळखल्या गेलेल्या विषाणुप्रकाराचे प्राबल्य होते. परंतु त्याच काळात आणखी दोन गोष्टी घडत होत्या. १ मार्च २०२१पासून ६० वर्षांवरील आणि १ एप्रिलपासून ४५ वर्षांवरील सर्वांना लस देण्यास प्रारंभ झाला होता, तर १८ वर्षांवरील तरुणांची पाळी १ मे रोजी आली. दुसरे असे की, रुग्णशय्या अपुऱ्या पडू लागल्यावर तुलनेने सौम्य रुग्णांना दाखल करून घेणे कमी झाले. विषाणूतील पालट, लसीकरणाचा क्रम आणि दाखल करण्याचा निकष या तिन्ही कारणांचा परिणाम एकाच आकड्यात मिसळलेला आहे. केवळ रुग्णालयाच्या तक्त्यावरून त्यांची फोड करता येत नाही.

३. तेलगाव ते रुग्णशय्या

एप्रिल २०२० मध्ये केंद्र शासनाने उपचाराची तीन स्तरांची व्यवस्था आखून दिली. अतिसौम्य व सौम्य रुग्णांसाठी कोविड काळजी केंद्र, मध्यम रुग्णांसाठी समर्पित कोविड आरोग्य केंद्र आणि तीव्र रुग्णांसाठी समर्पित कोविड रुग्णालय, असे तिचे स्वरूप होते. पुढे प्राणवायूची रक्तातील पातळी व श्वसनाचा वेग यांवरून रुग्णाची प्रतवारी ठरू लागली. पातळी शेकडा ९४च्या खाली गेल्यास आजार मध्यम आणि ९०च्या खाली गेल्यास तीव्र मानला जाई. शास्त्रदृष्ट्या ही व्यवस्था युक्तच होती. परंतु तिचा एक परिणाम संशोधकाने ध्यानात ठेवला पाहिजे. ‘रुग्णालयातील रुग्ण’ या शब्दप्रयोगाचा अर्थ स्तरागणिक बदलला. काळजी केंद्रात झोपलेला तरुण आणि अंबाजोगाईच्या अतिदक्षता कक्षातील वृद्ध हे दोघेही ‘दाखल’ या एकाच सदरात मोडत, तरी त्यांची तुलना होऊ शकत नाही.

शासकीय निर्णयामुळे हा अर्थ एका रात्रीतही बदलू शके. मे २०२१च्या अखेरीस राज्य शासनाने बाधितांचे प्रमाण अधिक असलेल्या काही जिल्ह्यांत गृहविलगीकरण थांबवून रुग्णांना कोविड केंद्रांत ठेवण्याचे ठरविले. त्या जिल्ह्यांत बीडचाही समावेश होता. अशा निर्णयानंतर दाखल रुग्णांत सौम्य रुग्णांचा भरणा वाढणे आणि दाखल रुग्णांतील मृत्युप्रमाण घटणे हे ओघानेच येते. हा उतार पाहून एखाद्याने औषधोपचार सुधारला असा निष्कर्ष काढला, तर तो निष्कर्ष खरा असेलही, पण सिद्ध झालेला नसेल.

शासनाच्या नियमाखेरीज माणसाचा स्वतःचा निर्णयही या प्रवासात येतो. ऊसतोडणी मजुराची स्थिती या दृष्टीने विचारात घेण्यासारखी आहे. पतिपत्नीची जोडी मिळून एक ‘कोयता’ धरला जातो, हंगामापूर्वी मुकादमाकडून उचल घेतली जाते, आणि ती काम करून फेडावयाची असते. जोडीतील एक जण अंथरुणास खिळला की दुसऱ्याचीही मजुरी बुडते. अशा कुटुंबात ताप व खोकला यांसाठी तपासणी करून घेण्याकडे आणि तपासणीनंतर चौदा दिवस अडकून पडण्याकडे कल कमी असणे स्वाभाविक आहे. शिवाय हे मजूर वर्षातील पाच-सहा महिने गावात नसतात. २०२० मध्ये टाळेबंदी लागू झाली तेव्हा ते ठिकठिकाणच्या कारखान्यांच्या परिसरात अडकले होते. १७ एप्रिल २०२० रोजी शासनाने त्यांच्या परतीस अनुमती दिली आणि आरोग्यतपासणीनंतर एक लाखाहून अधिक मजूर आपापल्या गावी परतू शकले. म्हणजे मार्चमधील तेलगाव परिसराची लोकसंख्या आणि मे महिन्यातील लोकसंख्या यांची वयोरचना सारखी नव्हती. महिनावार रुग्णसंख्येचा आलेख काढताना छेदातील हा फरक विसरून चालणार नाही.

स्त्रियांविषयीही असाच विचार केला पाहिजे. जवळजवळ सर्वच देशांतील अभ्यासांत दाखल रुग्णांत पुरुष अधिक आढळले. चीनमधील मोठ्या अभ्यासात ते शेकडा ५८, तर न्यूयॉर्क व ब्रिटन येथे शेकडा ६०च्या आसपास होते. ज्या देशांत उपचार मिळण्याच्या बाबतीत स्त्रीपुरुषांत मोठे अंतर नाही तेथेही हे दिसते, यावरून पुरुषांत आजार तीव्र होण्याकडे काही नैसर्गिक कल असावा हे मान्य करावे लागते. परंतु ग्रामीण मराठवाड्यातील एखाद्या रुग्णालयात पुरुषांचे प्रमाण याहून बरेच अधिक आढळले, तर तो सर्व फरक निसर्गाच्या माथी मारता येणार नाही. घरातील बाईचे दुखणे अंगावर काढले जाण्याची रीत, बरोबर जाण्यास माणूस नसणे आणि वाहनाचा खर्च या गोष्टींचाही त्यात वाटा असू शकतो. दाखल होतेवेळी स्त्रियांची प्राणवायूची पातळी पुरुषांपेक्षा खालावलेली होती काय, आणि लक्षणे दिसल्यापासून दाखल होईपर्यंत त्यांचे अधिक दिवस गेले होते काय, हे पाहिल्यास या शंकेची काही अंशी परीक्षा करता येते. केसपेपरात ही दोन्ही माहिती बहुधा असते, तथापि तक्त्यांत ती क्वचितच येते.

४. एक कल्पित उदाहरण

रुग्णालयाच्या दारावरील निवडीमुळे निष्कर्ष किती विपरीत होऊ शकतात, हे एका सोप्या कल्पित उदाहरणावरून स्पष्ट होईल. या उदाहरणातील आकडे केवळ विवेचनासाठी घेतलेले आहेत.

तेलगावसारख्या एका गावात १,००० माणसांना संसर्ग झाला असे मानू. त्यांपैकी १०० मधुमेही आणि ९०० मधुमेह नसलेले आहेत. मधुमेह्यांपैकी २० जणांचा, म्हणजे पाचांत एकाचा, आजार तीव्र होतो. इतरांपैकी ६० जणांचा, म्हणजे पंधरांत एकाचा, आजार तीव्र होतो. तीव्र रुग्णांपैकी दर चौथा रुग्ण दगावतो. सौम्य रुग्णांपैकी कोणी दगावत नाही. तेव्हा मधुमेह्यांत ५ आणि इतरांत १५ मृत्यू होतात. गावाच्या दृष्टीने पाहता मधुमेह्यांतील मृत्युप्रमाण शेकडा ५ आणि इतरांतील शेकडा १.७ आहे. मधुमेहाने धोका तिप्पट वाढतो, हे येथील सत्य होय.

आता असे समजू की रुग्णालयात केवळ तीव्र रुग्णच घेतले जातात. तक्त्यात ८० रुग्ण येतील. त्यांत मधुमेही २० आणि त्यांपैकी मृत ५, इतर ६० आणि त्यांपैकी मृत १५. दोन्ही गटांत मृत्युप्रमाण शेकडा २५ येते. हा तक्ता पाहणारा म्हणेल की, मधुमेहाचा मृत्यूशी काही संबंध नाही.

याउलट, सावधगिरी म्हणून सर्व मधुमेह्यांना, आजार सौम्य असला तरी, दाखल करून घ्यावयाचे आणि इतरांपैकी फक्त तीव्र रुग्णांना घ्यावयाचे, असा नियम असल्यास तक्त्यात १६० रुग्ण येतील. १०० मधुमेह्यांत ५ मृत्यू, म्हणजे शेकडा ५. उरलेल्या ६० जणांत १५ मृत्यू, म्हणजे शेकडा २५. हा तक्ता पाहणारा म्हणेल की, मधुमेह माणसाला वाचवितो!

गाव तेच, रोग तोच, मृत्यूही तेवढेच. पालटला तो केवळ दाखल करण्याचा नियम. मिनेसोटातील मेयो क्लिनिकमधील संख्याशास्त्रज्ञ जोसेफ बर्कसन यांनी १९४६ मध्ये मधुमेह व पित्ताशयाचा दाह यांच्या संबंधाचे उदाहरण घेऊन हाच दोष दाखवून दिला होता, आणि तेव्हापासून तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. करोनाच्या आरंभी धूम्रपान करणारे लोक रुग्णालयात अपेक्षेपेक्षा कमी आढळतात, यावरून धूम्रपानामुळे संरक्षण मिळते की काय अशी चर्चा झाली होती. त्या चर्चेच्या मुळाशी असलेल्या आकड्यांतही अशा निवडीची शक्यता असल्याचे संख्याशास्त्रज्ञांनी निदर्शनास आणले.

दुसऱ्या नियमासारखी स्थिती ग्रामीण भागात अगदीच काल्पनिक नाही. ज्यांना रक्तदाब वा मधुमेह असल्याचे ठाऊक आहे, त्यांना लवकर दाखल व्हा असा सल्ला साथीत सर्वत्र दिला जात होता. तो सल्ला वैद्यकीय दृष्ट्या योग्य होता. परंतु ज्यांना मधुमेह असूनही तो ठाऊक नव्हता, असे लोक ‘मधुमेह नाही’ या सदरात नोंदले गेले असण्याची शक्यता आहे, आणि ज्या खेड्यात रक्तातील साखर तपासण्याची सोय कमी तेथे ही शक्यता अधिक.

५. काळाचा प्रश्न

वैशिष्ट्यांची नोंद कोणत्या क्षणी केली, यावरही तिचा अर्थ अवलंबून असतो. चीनमधील १,०९९ रुग्णांच्या अभ्यासात दाखल होतेवेळी केवळ शेकडा ४३.८ जणांना ताप होता. रुग्णालयातील वास्तव्यात मात्र तो शेकडा ८८.७ जणांना आला. न्यूयॉर्कमध्ये प्रथम तपासणीच्या वेळी शेकडा ३०.७ जणांनाच ताप होता. ताप नसलेल्यास प्रवेश देणारी नाक्यावरील तापमापके किती जणांना चुकवीत असतील, याची कल्पना यावरून येते. वास व चव जाणे हे लक्षण तर आरंभीच्या तक्त्यांत जवळजवळ नाहीच. त्याचे एक कारण ते विचारले जात नव्हते हे होय. भारतात जून २०२० मध्ये त्याचा अधिकृत लक्षणांत समावेश झाला. जे विचारले नाही ते तक्त्यात ‘नाही’ म्हणून दिसते, हा सर्वच केसपेपरांचा स्वभाव आहे.

मृत्युप्रमाणाच्या बाबतीत काळाचा घोटाळा आणखी गंभीर होतो. न्यूयॉर्कच्या अभ्यासात कृत्रिम श्वसनयंत्रावर ठेवलेल्यांपैकी शेकडा ८८.१ रुग्ण दगावल्याचा आकडा प्रथम दिला गेला आणि जगभर त्याने घबराट पसरविली. वस्तुतः श्वसनयंत्रावर १,१५१ रुग्ण होते. त्यांपैकी २८२ दगावले होते, ३८ बरे होऊन घरी गेले होते, आणि ८३१ रुग्ण अद्याप रुग्णालयातच होते. २८२ या संख्येला ज्यांचा निकाल लागला होता अशा ३२० रुग्णांनी भागल्यामुळे शेकडा ८८ हा आकडा आला. सर्व रुग्ण छेदात घेतल्यास त्या दिवसापर्यंतचे प्रमाण शेकडा २४.५ येते. निबंधात पुढे ही दुरुस्ती करण्यात आली. खरे प्रमाण या दोहोंच्या दरम्यान कोठेतरी होते, आणि ते सर्व रुग्णांचा निकाल लागेपर्यंत कळणे शक्यच नव्हते.

तेलगावच्या संदर्भात काळाबरोबरच स्थलांतराचाही विचार केला पाहिजे. एखादा रुग्ण प्रथम तालुक्याच्या ठिकाणी दाखल होई, तेथून बीड किंवा अंबाजोगाई येथे पाठविला जाई, आणि तेथूनही कधी छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे तत्कालीन औरंगाबादला, नेला जाई. असा एकच माणूस तीन रुग्णालयांच्या नोंदींत तीन रुग्ण म्हणून येऊ शकतो. पहिल्या दोन ठिकाणी तो ‘पुढे पाठविला’ या सदरात पडतो, आणि मृत्यू झाल्यास तो शेवटच्या रुग्णालयाच्या खात्यावर जमा होतो. मोठ्या रुग्णालयांतील मृत्युप्रमाण अधिक दिसण्याचे हे एक ठळक कारण आहे. तेथील शुश्रूषा उणी होती असा अर्थ त्यावरून काढणे अन्यायाचे होईल, आणि लहान रुग्णालयांची कामगिरी उत्तम होती असे मानणे भाबडेपणाचे होईल.

६. रोगाचे खरे स्वरूप कसे कळते?

एवढ्या शंका उपस्थित केल्यानंतर रुग्णालयातील माहिती निरुपयोगी आहे असा ग्रह होण्याचा संभव आहे. तो दूर केला पाहिजे. रुग्णालयाच्या भिंतींच्या आत जे घडते त्याविषयी ही माहिती अत्यंत मोलाची आहे. मात्र तुलना योग्य रीतीने केली पाहिजे. ब्रिटनमधील ‘रिकव्हरी’ चाचणीत दाखल रुग्णांची वाटणी दैवयोगाने, म्हणजे चिठ्ठ्या टाकाव्यात त्या रीतीने, केली गेली. २,१०४ रुग्णांना डेक्सामेथासोन हे जुने व स्वस्त औषध दिले आणि ४,३२१ रुग्णांना नेहमीचेच उपचार दिले. श्वसनयंत्रावरील रुग्णांत २८ दिवसांतील मृत्युप्रमाण शेकडा ४१.४ वरून २९.३ वर आले. प्राणवायू लागणाऱ्यांत ते २६.२ वरून २३.३ झाले. ज्यांना प्राणवायू लागतच नव्हता त्यांत मात्र औषधाचा लाभ दिसला नाही. तेथे आकडे १४.० व १७.८ असे उलट दिशेने गेले. येथे दोन्ही गट एकाच दारातून आत आलेले होते. त्यामुळे दाराची रुंदी काहीही असली तरी त्यांच्यातील फरक औषधाचाच मानता येतो. आजाराच्या उत्तरार्धात हानी विषाणूपेक्षा शरीराच्या अतिरेकी प्रतिकारामुळे अधिक होते, ही गोष्टही या निकालाने पुष्ट झाली. हेच औषध घरच्या घरी व गरज नसता घेणे का घातक, हेही त्यातून उमगते.

भिंतींच्या बाहेरची स्थिती जाणण्यासाठी दुसरी साधने लागतात. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेने रक्तातील प्रतिपिंडांच्या तपासणीची जी राष्ट्रीय पाहणी केली, तीत देशातील ७० जिल्हे निवडले होते. महाराष्ट्रातील सहा जिल्ह्यांत बीड हा एक होता. प्रत्येक जिल्ह्यात दहा वस्त्या व प्रत्येक वस्तीत सुमारे ४० प्रौढ अशी योजना होती. मे-जून २०२० मध्ये देशातील शेकडा ०.७३ प्रौढांना संसर्ग होऊन गेल्याचे आढळले. नोंद झालेल्या दर एका रुग्णामागे ८२ ते १३० संसर्ग असावेत, असे अनुमान त्यावरून निघाले. जून-जुलै २०२१ मधील चौथ्या फेरीत प्रतिपिंडे आढळणाऱ्यांचे प्रमाण शेकडा ६७.६ झाले होते. रुग्णालयातील रुग्ण हा या विशाल समूहाचा किती लहान व किती निवडक अंश होता, हे या आकड्यांवरून ध्यानात येते.

आणि शेवटी मृत्यू. रुग्णालयात न पोहोचता घरीच मरण पावलेल्याचे वय, व्याधी, लक्षणे यांपैकी कशाचीच नोंद या तक्त्यांत येत नाही. २०२० मध्ये देशात नोंदल्या गेलेल्या मृत्यूंपैकी केवळ शेकडा २२.५ मृत्यूंचे कारण वैद्यकीय रीतीने प्रमाणित झालेले होते. जागतिक आरोग्य संघटनेने मे २०२२ मध्ये २०२० व २०२१ या दोन वर्षांत भारतात सुमारे ४७ लाख अतिरिक्त मृत्यू झाल्याचा अंदाज प्रसिद्ध केला. भारत शासनाने त्या अंदाजाची पद्धती अमान्य केली. अधिकृत नोंद सुमारे ४.८ लाख मृत्यूंची होती. या वादाचा निवाडा येथे करावयाचा नाही. परंतु एवढे अंतर पडू शकते याचाच अर्थ असा की, रुग्णालयाच्या नोंदींतून साथीचे संपूर्ण चित्र मिळते असे मानण्यास आधार नाही.

७. अभ्यासकांसाठी काही सूचना

वरील विवेचनावरून बीडसारख्या जिल्ह्यातील केसपेपरांच्या आधारे संशोधन करणाऱ्यांनी पुढील गोष्टींकडे लक्ष देणे हितावह ठरेल. पहिली, रुग्ण कोणत्या गावचा, लक्षणे केव्हा सुरू झाली, प्रथम तो कोणाकडे गेला, आणि दाखल केव्हा झाला, या चार नोंदी वय व लिंग यांच्याइतक्याच महत्त्वाच्या मानाव्यात. दुसरी, दाखल करण्याचे नियम ज्या ज्या तारखांना बदलले त्या तारखांप्रमाणे रुग्णांचे कालखंड पाडावेत. सर्व साथ एकाच तक्त्यात कोंबू नये. तिसरी, पुढे पाठविलेल्या रुग्णांचा माग काढावा, आणि ते शक्य नसल्यास त्यांची संख्या वेगळी द्यावी. चौथी, ‘नाही’ आणि ‘नोंद नाही’ ही सदरे कटाक्षाने अलग ठेवावीत. पाचवी, निष्कर्ष लिहिताना छेदात कोण आहे हे पहिल्याच वाक्यात सांगावे.

याबरोबरच गोपनीयतेचा प्रश्न आहे. मुंबईच्या रुग्णालयातील ‘४७ वर्षांचा पुरुष’ हा ओळखू येत नाही. पण गावाचे नाव, वय, व्यवसाय आणि दाखल झाल्याचा आठवडा एवढी माहिती एकत्र दिली तर लहान गावात त्या माणसाचे घर कोणीही दाखवू शकेल. ज्या साथीत बाधितांच्या दारावर फलक लागले आणि शेजाऱ्यांनी पाठ फिरविली, त्या साथीच्या अभ्यासात ही काळजी विशेष घेतली पाहिजे. नैतिक समितीची अनुमती घेणे आणि लहान संख्या तक्त्यात एकत्रित करणे, हे दोन्ही उपाय अवश्य करावेत.

८. समारोप

रुग्णालयातील करोनारुग्णांची वैशिष्ट्ये ही रोगाचे स्वरूप, समाजाची रचना आणि उपचाराची व्यवस्था या तिहींच्या संयोगाने घडलेली असतात. वार्धक्य, मधुमेह, रक्तदाब व पुरुषत्व यांमुळे आजार तीव्र होण्याचा संभव वाढतो, हे निरनिराळ्या देशांतील व निरनिराळ्या पद्धतींच्या अभ्यासांनी सिद्ध झालेले आहे. त्याविषयी शंका घेण्याचे कारण नाही. परंतु किती वाढतो, कोणत्या गावात वाढतो, आणि कोणाच्या वाट्याला वैद्यकीय मदत वेळेवर आली नाही, या प्रश्नांची उत्तरे एकट्या तक्त्यातून मिळणार नाहीत.

हा प्रश्न केवळ पद्धतिशास्त्राचा नाही. पुढील साथीसाठी प्राणवायूचे नळकांडे कोठे ठेवावयाचे, रुग्णवाहिका कोणत्या नाक्यावर उभी करावयाची आणि कोणत्या गावात रक्तदाब व साखर आधीच तपासून ठेवावयाची, हे याच तक्त्यांवरून ठरणार आहे. जो रुग्णालयापर्यंत पोहोचला त्याची गरज तक्त्यात दिसते. जो पोहोचू शकला नाही त्याची गरज तक्त्यात दिसत नाही, आणि म्हणून पुढील वेळीही ती दुर्लक्षित राहण्याचा धोका असतो. तेलगावच्या चौरस्त्यावरून जो रुग्ण बीडकडे वा अंबाजोगाईकडे निघाला त्याच्याबरोबरच, जो घरातून निघालाच नाही त्याचीही गणना करण्याची पद्धत शोधणे, हे या क्षेत्रातील संशोधनाचे यापुढील कर्तव्य आहे.